‘चालायलंय की!’ म्हणत बसू नका

“चालायलंय की! कशाला हात लावायलास?”

लातूर-नांदेडकडं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस सापडणं अवघड. बोअरची मोटर असो, गाडीची चेन असो नाहीतर घरावरचा पत्रा. चालू आहे तोवर हात लावायचा नाही. बंद पडलं की मग धावाधाव. हाच नियम आपण लॅपटॉपलाही लावलाय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. आपल्यापैकी कितीतरी जणांकडं दादाचा, मामाचा नाहीतर सेकंड हँड घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात ते बसत नाही. मग कुणीतरी मित्र पेनड्राइव्ह घेऊन येतो, उबुंटू नाहीतर डेबियन टाकून देतो आणि मशीन पुन्हा पळायला लागतं. छान! पण खरा प्रश्न त्याच्यानंतर सुरू होतो. टाकलं एकदा, पुढं काय? दोन वर्षांनी नवी आवृत्ती आली तर कोण बदलणार? मित्र तर पुण्याला गेलेला असतो!

लिनक्स टाकता येणारी मुलं आता गावोगाव आहेत. टाकलेलं लिनक्स पुढच्या आवृत्तीवर नीट नेता येणारी मात्र फार कमी. आजचा विषय तोच. अपग्रेड. तेही सोर्स कोडपासून नाही, तर तयार पॅकेजेस वापरून.

तूर की डाळ?

आधी ‘बायनरी पॅकेज’ म्हणजे काय ते बघू. लातूरच्या पोरांना हे समजवायला लांब जायची गरज नाही. शेतातून येते ती तूर. तिला तेल-पाणी लावा, वाळवा, भरडा, फोलपटं काढा, तेव्हा कुठं डाळ मिळते. घरी जात्यावर हे करता येतं. पूर्वी करायचेच की! पण आज आपण डाळमिलमधून तयार डाळ आणतो.

सोर्स कोड म्हणजे तूर. माणसाला वाचता येतो, पण मशीनला थेट चालवता येत नाही. तो कंपाइल करणं म्हणजे भरडणं. आणि भरडून, चाळून, पिशवीत भरून वर लेबल लावलेली डाळ म्हणजे बायनरी पॅकेज. लेबलवर काय असतं? नाव, आवृत्ती, कोणत्या मशीनसाठी आहे आणि याच्यासोबत आणखी काय काय लागेल.

युनिक्ससारख्या सिस्टीम स्वतः भरडून वापरायची परंपरा जुनी आहे. जेंटू लिनक्सवाले आजही ते आवडीनं करतात. फ्रीबीएसडीमध्येही अख्खी सिस्टीम सोर्सपासून बांधायची पद्धत होती आणि अजून आहे. शिकायला हे उत्तमच. पण जुन्या आय-थ्री लॅपटॉपवर क्रोमियमसारखा ब्राउझर कंपाइल करायला घ्या. रात्र सरते, पंखा बोंबलतो आणि पहाटे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आज जवळपास सगळेच तयार पॅकेजेसकडं वळलेत. ओपनबीएसडीनं ऑक्टोबर २०१९ च्या ६.६ आवृत्तीत ‘सिसअपग्रेड’ नावाची एकच कमांड दिली, की सिस्टीम पुढच्या आवृत्तीवर जाते. फ्रीबीएसडीनं डिसेंबर २०२५ च्या १५.० मध्ये मूळ सिस्टीमसुद्धा पॅकेजेसच्या रूपात घ्यायची सोय दिली.

या वाटेवरचा जुना आणि भरवशाचा गडी म्हणजे डेबियन. आपल्याकडं १९९३ म्हटलं की किल्लारीच आठवते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक नावाच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरानं डेबियन सुरू केलं. १९९९ च्या २.१ आवृत्तीत ‘ॲप्ट’ आलं. कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे ते शोधून, बरोबर क्रमानं सगळं बसवणारं साधन. उबुंटू, मिंट आणि आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स ही सगळी याच घरातली लेकरं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. त्यात जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. एवढी तूर आपण जात्यावर भरडत बसलो असतो तर डिग्रीचं काय झालं असतं?

माझी चूक सांगते

हे सगळं शहाणपण मला ठेच लागल्यावर आलं. २०२१ ची गोष्ट. कॉलेज ऑनलाइन होतं, मी लातूरच्या भाड्याच्या खोलीवर. डेबियन ११ नुकतंच आलं होतं. सोर्सेस-लिस्टच्या फाईलमध्ये जुन्या आवृत्तीचं नाव खोडून नवं लिहिलं आणि कमांड दिली. एका ओळीवर एरर आली. ती ओळ होती सिक्युरिटी अपडेट्सची. मला काही कळलं नाही. मी काय केलं? त्या ओळीच्या पुढं हॅश टाकला, ओळ बंद केली. एरर गेली! अपग्रेड झालं, मशीन सुरू झालं, मी खूश.

सात-आठ महिन्यांनी एका सीनियरनं माझा लॅपटॉप बघितला आणि विचारलं, “तुला सिक्युरिटी अपडेट येतात का गं?”

येत नव्हते. एकही आला नव्हता. कारण डेबियन ११ पासून त्या ओळीतल्या नावाची पद्धतच बदलली होती, आणि ते रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. दहा मिनिटांचं वाचन. मी केलं नव्हतं.

यातली भीतीदायक गोष्ट कोणती? मशीन बंद पडलं नाही. पडलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. ते मस्त चालत होतं. त्याच मशीनवरून मी बँकेत लॉगिन करत होते, स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होते. ‘चालायलंय की’ हे वाक्य किती फसवं आहे ते तेव्हा समजलं.

मोडतं कुठं?

“अपग्रेड केलं आणि सगळं बोंबललं” असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं खोटं नसतं. पण बहुतेक वेळा मोडण्याची कारणं तीच तीच असतात.

पहिलं कारण, उडी मारणं. सातवीतून थेट नववीत. डेबियन ११ वरून सरळ १३ वर जायला परवानगीच नाही. आधी १२, मग १३. उबुंटूच्या एलटीएसचंही तसंच. २०.०४ वरून आधी २२.०४, मग २४.०४. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, तरी कितीतरी मशीनवर ते अजून तसंच आहे. जितका उशीर, तितक्या पायऱ्या जास्त.

दुसरं कारण, भेसळ. एका आवृत्तीतली सगळी पॅकेजेस एकमेकांच्या मापानं भरडलेली असतात. यूट्यूबवरच्या कुणीतरी सांगितलं म्हणून एक पॅकेज इथून, एक तिथून असं गोळा केलं की ‘जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडत नाही’ हा ओळखीचा संदेश येतो. बाहेरून जोडलेले सोर्स अपग्रेडच्या आधी बंद करायचे, नंतर एकेक करून परत तपासायचे. डेबियन १२ मध्ये वाय-फायसारख्या गोष्टींना लागणाऱ्या फर्मवेअरसाठी वेगळा विभाग झाला. तो यादीत जोडला नाही तर फर्मवेअर जुनंच राहतं. हेही रिलीज नोट्समध्येच आहे.

तिसरं कारण, जागा. डेबियन १३ साठी वेगळा बूट विभाग असेल तर तो किमान ७६८ एमबीचा हवा आणि त्यात ३०० एमबी मोकळे हवेत. आपल्या डिस्कवर पिक्चर भरलेले असतात आणि अपग्रेड मध्येच ‘जागा नाही’ म्हणून थांबतं.

चौथं, मशीनचं वय. डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या इंटेल मशीनसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. अशा मशीनवर अपग्रेड करूच नका असं डेबियननंच सांगितलंय. प्रोसेसर ६४ बिटचा पण सिस्टीम ३२ बिटची असेल, तर बॅकअप घेऊन ६४ बिटची नव्यानं टाकायची. ३२ बिटचा आणखी एक प्रश्न आहे. जुन्या ३२ बिट पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, भरून जाणार आहे. आज सेकंड इयरला असलेला पोरगा तेव्हा पस्तिशीच्या आत असेल. म्हणजे हा प्रश्न आपल्याच नोकरीच्या काळात येणार आहे!

आणि पाचवं कारण आपल्या घरचं. लाइट. पॅकेजेस उघडून बसवण्याचं काम चालू असताना वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी सिस्टीम हातात येते. काळा पडदा दिसला की पोरं घाबरून सगळं फॉरमॅट करतात. थांबा! लॉगिन होत असेल तर ‘डीपीकेजी’ला दोन डॅश लावून ‘कॉन्फिगर’ आणि पुढं डॅश ‘ए’ एवढं सांगितलं, तर ते अर्धवट राहिलेलं काम जिथून सुटलं तिथून उचलतं. नंतर ‘ॲप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन’ सांगायचं. बऱ्याचदा एवढ्यानंच मशीन उभं राहतं.

लातूर पॅटर्न इथंही चालतो

लातूर पॅटर्नमधून आपण काय शिकलो? खऱ्या पेपरच्या आधी सराव पेपर. अपग्रेडलाही सराव पेपर असतो. ‘ॲप्ट’ला डॅश ‘एस’ लावलं की ते काही न बदलता फक्त काय काय होईल ते दाखवतं. किती पॅकेजेस बदलणार, किती काढून टाकणार. ही यादी डोळे उघडे ठेवून वाचा. ‘काढून टाकणार’च्या यादीत तुमचा डेस्कटॉपच दिसला तर ‘वाय’ दाबायचं नाही, एवढं कळलं तरी अर्धा पेपर सुटला.

बाकी क्रम ठरलेला आहे. आधी बॅकअप, तोही त्याच डिस्कवर नाही, वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. मग आत्ताची आवृत्ती पूर्ण अपडेट. मग रिलीज नोट्स वाचणं. मग यादीतलं नाव बदलणं. मग आधी छोटं अपग्रेड, नवी पॅकेजेस न घेता; त्यानंतर ‘फुल-अपग्रेड’. मग रीस्टार्ट आणि शेवटी सिक्युरिटीची ओळ खरंच चालू आहे ना हे तपासणं. उबुंटूवाल्यांना यासाठी ‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही तयार कमांड आहे. पण बॅकअप आणि वाचन त्यांनाही चुकलेलं नाही. मध्येच स्क्रीन विचारते, “ही फाईल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी टाकू?” तिथं घाईत एंटर मारू नका. ‘डी’ दाबलं की दोन्हीतला फरक दिसतो.

नेटपॅकचं काय? डेस्कटॉप असलेल्या मशीनला एक-दोन जीबी डेटा सहज लागतो आणि आपला पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा. यावर उपाय आहे. ‘डाउनलोड-ओन्ली’ सांगितलं की पॅकेजेस फक्त उतरवून ठेवली जातात, बसवली जात नाहीत. आज थोडी, उद्या थोडी. सगळी जमली की लाइट आणि बॅटरी बघून बसवायची.  एकाच खोलीत तिघांकडं तीच आवृत्ती असेल तर एकानं उतरवलेली पॅकेजेस पेनड्राइव्हनं बाकीच्या दोघांनाही चालतात.

पण डाळमिलवाल्यावर विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न विचारायलाच हवा. दुसऱ्यानं भरडलेली डाळ आपण खातोय. खडे नाहीत कशावरून?

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश एका यादीत असतो आणि त्या यादीवर डिजिटल सही असते. ‘ॲप्ट’ ती सही तपासतं. मधल्या कुठल्या सर्व्हरनं पॅकेज बदललं तर हॅश जुळत नाही आणि ते बसतच नाही. म्हणूनच ‘सही तपासू नको’ असं सांगणारी कमांड कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती चालवायची नाही.

तरीही विश्वासाला तडा जाऊ शकतो. २९ मार्च २०२४ ला हेच घडलं. ‘एक्सझेड’ नावाचं फाईल लहान करायचं एक साधं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत केली, विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घुसवला. गंमत म्हणजे तो सगळा उघड सोर्समध्ये दिसत नव्हता. प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात महत्त्वाचा तुकडा लपवला होता. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपण “नेट स्लो असेल” म्हणून सोडून दिलं असतं. तो मागं लागला.

ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती. स्थिर आवृत्तीत नव्हती. म्हणजे दोन टोकं आहेत. एक, जे नवं येईल ते आजच पाहिजे. दुसरं, जुनंच बरं, हात लावू नका. दोन्ही धोक्याची. स्थिर आवृत्ती, तिचे सिक्युरिटी अपडेट लगेच, आणि पुढची स्थिर आवृत्ती आली की वेळेत तिच्यावर जाणं, ही मधली वाट आहे.

आणि पॅकेज बदललं म्हणजे काम संपलं असंही नाही. २००८ मध्ये डेबियनच्याच ओपनएसएसएल पॅकेजमध्ये चूक सापडली. पॅकेज करताना झालेल्या एका बदलामुळं जवळपास दोन वर्षं तिथं तयार होणाऱ्या गुप्त चाव्या अंदाज करण्याइतक्या कमकुवत होत्या. डेबियननं चूक जाहीर केली, दुरुस्त पॅकेज दिलं. पण जुन्या चाव्या लोकांना स्वतःच बदलाव्या लागल्या. कुलूप नवं आणि किल्ली चोराकडची, मग उपयोग काय?

कॉलेजांनो, थोडं तुमच्याकडंही

हे सगळं पोरांनी एकट्यानं का करायचं? कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये लिनक्स एकदा टाकलं जातं, विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलपुरतं वापरलं जातं आणि पुढची कमिटी येईपर्यंत तसंच राहतं. लॅब असिस्टंटला दोष देऊन भागणार नाही. त्याच्याकडं साठ मशीन असतात आणि वेळ मात्र कुणी दिलेला नसतो. केरळच्या सरकारी शाळांमध्ये ‘काइट’ ही सरकारी संस्था स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते आणि ती वेळोवेळी नवी करते. तिथं शाळेला जमतं, मग आपल्या इंजिनीअरिंगच्या, बीसीएच्या, पॉलिटेक्निकच्या कॉलेजला का जमू नये?

मागणी मोठी नाही. वर्षातून एक दिवस, परीक्षा संपल्यावर, ‘अपग्रेड दिवस’ ठेवा. लॅबमधल्या एका मशीनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. पॅकेज एकदाच नेटवरून येतं, बाकीच्या मशीनना तिथूनच मिळतं. साठ वेळा तेच उतरवायला नको. प्रत्येक मशीनवर कोणती आवृत्ती आहे आणि तिचा सपोर्ट कधी संपतो, हे भिंतीवर लिहून लावा. आधी एक मशीन अपग्रेड करा, आठवडाभर वापरा, मग बाकीची. काम पोरांना करू द्या. चुकतील, पण लॅबमध्ये चुकलेलं बरं. उद्या कंपनीत जो सर्व्हर हातात येईल तो कोरा नसणार. पाच वर्षं चालत आलेला, कुणीतरी हात लावायला घाबरलेला सर्व्हर असणार.

इंग्रजी रिलीज नोट्स जड वाटतात, मान्य. पण सुरुवात मराठीतूनही करता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. आणि नोट्समधल्या कमांडी तर सगळ्यांना सारख्याच.

तर दोस्तांनो, आज संध्याकाळी एवढंच करा. टर्मिनल उघडा, तुमच्याकडं कोणती आवृत्ती आहे ते बघा, तिचा सपोर्ट कधी संपतो ते शोधा आणि ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. मग सिक्युरिटीची ओळ तपासा. तिच्यापुढं हॅश असेल तर तो काढा, आणि एरर आली तर या वेळी वाचा. मी आठ महिने वाचली नव्हती.